आबांनी घरी बनवलेलं गाडीचं तोंड

आबांचे कपडे आमच्याकडे वेगळ्या बादलीत धुतले जायचे. अंबरनाथच्या एमआयडीसीत फायबरच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीत ते कामाला होते. पाण्याच्या टाक्या, बसमधल्या खुर्च्या, एसटीडी-पीसीओचे ते पिवळे डबे, सगळं तिथं बनायचं. काचेच्या धाग्याची बारीक कुसं त्यांच्या कपड्यांत घुसून बसायची आणि एकत्र धुतलं की सगळ्या घराला खाज. लहानपणी ते दारात आले की मी धावत जायचे, आणि ते दोन्ही हात वर करून मागं सरकायचे. "थांब, थांब. आंघोळ करू दे आधी." बापाला आंघोळ झाल्यावरच मिठी मारायची असते, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग कंपनीला कुलूप लागलं. मालकानं काम दुसऱ्या राज्यात नेलं आणि इथल्या गेटवर एक कागद चिकटवला. वेगळी बादली बाकीच्या बादल्यांत मिसळून गेली. घरातली खाज गेली आणि खायचे वांधे सुरू झाले.

आई उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणायला लागली. शिवून आलेल्या पँटचे लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची, गठ्ठा परत न्यायचा. नव्या जीन्सचा रंग हाताला लागतो. पीठ मळायच्या आधी ती बोटं राखेनं घासायची, तरी नखांच्या कडा निळ्याच राहायच्या. आबा सकाळी डबा नसलेली पिशवी घेऊन बाहेर पडायचे, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर. सगळीकडं पहिला प्रश्न वयाचा. सत्तेचाळीस म्हटलं की समोरचा माणूस पाणी विचारायचा, काम नाही. काही दिवस त्यांनी ट्रकमध्ये गोण्या भरल्या. पाठ धरली, तेही सुटलं. संध्याकाळी आम्ही तिघं भात आणि पातळ आमटी खायचो, आणि आमटीत डाळ शोधायची नाही हा घरातला न बोललेला नियम होता.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात, आईच्या माहेरात आणि आबांच्या सगळ्या भावकीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी सांगते आणि दर वेळी सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. एकदा मी म्हटलं, कॉलेज सोडते, एखाद्या दुकानात उभी राहते. आबा ताटावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मग मी बावीस वर्षं तो वास कशाला घेतला?" दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले.

दोन हजार तीनच्या मे महिन्याच्या सुरुवातीला आबांना शेवटी एक काम चालून आलं. वॉचमनचं. आणि कुठं, तर त्याच बंद कंपनीच्या गेटवर. आत मशिनं पडून होती, त्यांची राखण करायला माणूस हवा होता. ठेकेदार म्हणाला, एक जूनपासून या, तुम्हाला आतली माहिती आहे. खाकी ड्रेस त्यानं आधीच देऊन टाकला. आबांनी तो न उघडता कपाटावर ठेवला. ज्या गेटमधून बावीस वर्षं कारागीर म्हणून आत गेलो, त्याच गेटवर आता काठी घेऊन उभं राहायचं आणि आत कोणाला जाऊ द्यायचं नाही. ते जेवताना कपाटाकडं पाठ करून बसायला लागले.

त्याच आठवड्यात उल्हासनगरचा एक गॅरेजवाला शेठ घर शोधत आला. सिंधी माणूस, गळ्यात जाड चेन, बोलायला मोकळा. त्याच्याकडं एक जुनी खोक्यासारखी चौकोनी गाडी होती. तिला रुंद टायर लावलेले, सायलेन्सर असा की गल्लीत शिरायच्या आधी आवाज शिरायचा. ती गाडी म्हणजे त्याच्या गॅरेजची जाहिरात. आता त्याला तिचं तोंड बदलायचं होतं. नव्या परदेशी मॉडेलसारखं पुढं निमुळतं, तिरक्या दिव्यांचं. तसलं खरं बॉनेट, खरा बंपर घ्यायचा तर गाडीपेक्षा तोंड महाग.

"फायबर का बना दो, साईं," तो आबांना म्हणाला. "सुना है तुम बस का पूरा मुखडा बनाते थे."

"बनाते थे," आबा म्हणाले.

"तो ये तो छोटा मुखडा है."

हे काम गॅरेजमध्ये नाही, इथंच करायचं, अशी त्याची अट होती. आमच्या चाळीमागं रिकामी जागा होती. "मार्केट में किसीने देख लिया तो कल सुबह दस बन जाएगा. उल्हासनगर है, बाबा." काम पसंत पडलं तर यापुढं त्याच्या गॅरेजची सगळी फायबरची कामं आबांची. नाही पडलं तर हात जोडून नमस्कार. आणि मुदत एकतीस मे.

म्हणजे एकतीसला तोंड बसलं तर आबा कारागीर, नाही बसलं तर एकला खाकी. हे आम्हा तिघांनाही न सांगता कळलं.

दोन दिवसांनी टेम्पोला दोर बांधून ती चौकोनी गाडी चाळीमागं आणून लावली. मागून दुसऱ्या टेम्पोत चादरीत गुंडाळलेलं एक चंदेरी बॉनेट आणि बंपर आला. ते होते नव्या मॉडेलच्या एका खऱ्या गाडीचे. ती गाडी इंजिनाच्या कामासाठी शेठकडं पडून होती आणि तिचा मालक गावाला गेला होता. "पंद्रह दिन," शेठ म्हणाला. "सोलहवें दिन कस्टमर मेरे सर पे. खरोच नहीं आना मंगता." या बॉनेटवरून आबांनी साचा उतरवायचा, साच्यातून फायबरचं बॉनेट काढायचं, आणि खरं बॉनेट परत द्यायचं. एवढं सोपं.

आबांनी चौकोनी गाडीचं जुनं नाक कापून काढलं. शेजारच्या मावशी धुणं वाळत घालता घालता थांबल्या. "काय गं, तुझ्या बापानं ऑपरेशन काढलंय की काय? नाक कापलं, आता कान पण कापणार?"

"प्लास्टिक सर्जरी आहे मावशी," मी म्हटलं.

"मग माझंही करायला सांग. पण वास आला तर मी ओरडणार हं."

मी माझ्या परीनं कामाला लागले. शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकती संपली होती, निकाल जूनमध्ये होता, आणि शिकलेल्या मुलीचा घराला काहीतरी उपयोग दिसला पाहिजे असं मला फार वाटायचं. मी वही घेतली. आबांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी पायऱ्या लिहून काढते, म्हणजे चूक होणार नाही. ते सांगत गेले. पहिला जेलकोट, म्हणजे रंगासारखा घट्ट थर, ब्रशनं. तो चिकट असतानाच काचेच्या चटईचे तुकडे, त्यावर रेझिन, म्हणजे पातळ राळ. मग रोलर, हवा काढायला. असे तीन थर. मग लाकडी पट्ट्या, आधाराला. रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे राळ घट्ट करणारं औषध, किती घालायचा ते उन्हावर अवलंबून. तो मोजायचं काम मी घेतलं, प्रयोगशाळेतल्यासारखं, सिरिंजनं. एकूण अकरा पायऱ्या झाल्या. मी विचारलंसुद्धा, "आबा, जेलकोटच्या आधी काही?"

"आधी चहा," आबा म्हणाले. आई हसली, मी हसले, आणि पहिल्या पायरीवर जेलकोट लिहिला. तो कागद दोरीनं गाडीच्या आरशाला टांगला.

काम करताना मी आबांना पहिल्यांदाच पाहत होते. बावीस वर्षं ज्यांचा वास घरी आला, ते हात कसे चालतात हे मला माहीतच नव्हतं. चटईचा तुकडा ते कात्रीनं न कापता हातानं फाडायचे, म्हणजे कडा मऊ राहते आणि पुढच्या तुकड्यात मिसळते. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. कोपऱ्यात अडकलेली हवा त्यांना न बघता बोटाला कळायची. दोन वर्षं वाकून चालणारा माणूस ताठ उभा होता. मावशींनी खिडकी आपटून बंद केली, तर ते चक्क म्हणाले, "अजून दोन थर आहेत, मावशी. एकदमच ओरडा."

दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा होता. आबांनी कडेला लाकडाची पातळ पट्टी घातली आणि हलकेच ठोकली. ती आत गेली नाही. दुसरीकडं घातली. तिथंही नाही. त्यांनी वाकून कड पाहिली, नखानं खरवडली, आणि मग ते तिथंच जमिनीवर बसले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"मेण," आबा म्हणाले.

कंपनीत साच्याला आधी मेण लावतात. मेण लावलं नाही तर फायबर खालच्या वस्तूला धरून बसतं, एकजीव होतं. हे आबांना माहीत नव्हतं असं नाही. पण मेण लावणारी माणसं वेगळी होती. ती शिफ्टच्या तासभर आधी यायची. आबांची शिफ्ट सुरू व्हायची तेव्हा साचे पुसून, चकचकीत होऊन रांगेत उभे असायचे. आबा चहा प्यायचे आणि जेलकोटला हात घालायचे. बावीस वर्षांत एकदाही त्यांनी मेणाच्या डब्याचं झाकण उघडलं नव्हतं. आधी चहा, हे त्यांनी गमतीनं सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तेच खरं होतं.

आणि मी, केमिस्ट्रीची विद्यार्थिनी, राळ कशाला चिकटते हे पुस्तकात वाचलेली, अकरा पायऱ्यांना सुंदर अक्षरात नंबर देऊन बसले होते. मी तो कागद आरशावरून काढला. आबांनी तो माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. "यात लिहिलेलं सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. मला त्यांनी तेवढ्यात वाचवलं.

दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट आमच्या साच्यात अडकलं होतं. मुदतीचे दिवस चालले होते. आई म्हणाली, "मेणवाला तो कोकणातला होता ना? तुम्ही ज्याला नावं ठेवायचात?"

होता. कंपनीत मेण लावणाऱ्यांना सगळे मालिशवाले म्हणायचे. कारागिरांत त्यांची गणती नव्हती. कँटीनमध्ये लॅमिनेशनवाले, म्हणजे थर चढवणारे, एका टेबलाला, मालिशवाले दाराजवळच्या बाकावर. आबाही त्यातलेच. घरी येऊन नक्कल करायचे, फडकं गोल गोल फिरवून, आणि आम्ही हसायचो.

तो माणूस बदलापूरला दारं पॉलिश करतो असं कळलं. सोनिवलीकडं नव्या बिल्डिंगा उठत होत्या, तिथं. मी आणि आबा गेलो. तिसऱ्या मजल्यावर, भिंती अजून ओल्या होत्या, तिथं एक बारीक, पिकल्या केसांचा माणूस आडव्या ठेवलेल्या दारावर फडकं फिरवत होता. आबा दारातच थांबले. जुनी सवय तोंडातून निघाली. "काय मालिश, ओळखलंस का?"

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

त्यानं मान वर केली. "ओळखलंय. तुम्ही लॅमिनेशन. बावीस वर्षं हीच हाक मारताव." आणि माझ्याकडं बघून, "ही कोण? लेक? बस गो बाय, त्या गोणीवर बस. दार ओलं हाय, टेकू नको."

आबांनी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, फडकं थांबलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्यानं एकच विचारलं. "मेण कोणी लावलान?"

"कोणी नाही."

आता फडकं थांबलं. "साच्याला मेण लावतात, ठावं नाय तुम्हाला?"

"माहीत आहे रे," आबा म्हणाले. "पण माझ्याकडं साचा लावूनच यायचा."

मला वाटलं, तो आता हसेल. त्याला हसायचा हक्कही होता. तो हसला नाही. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "तुमच्याकडं लावूनच यायचा ते खरं. मी आणि आणखी चार जण पहाटे येऊन लावायचो. कोणाला दिसायचं नाय, म्हणून वाटायचं की साचे आपोआप चमकतात." हे त्यानं रागानं म्हटलं नाही. माहिती दिल्यासारखं म्हटलं. आबा खाली बघत होते. मग म्हणाले, "चुकलं."

"मेण राहिलं ते?"

"तेही."

काका, मी त्यांना तेव्हापासून काकाच म्हणते, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून आमच्याकडं आले. आल्या आल्या त्यांनी साच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बॉनेट खालून वाकून पाहिलं, जिथं आमचा थर पोचला नव्हता त्या कडेवर अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला. "कोणाची गाडी ही?"

"माहीत नाही. शेठचा कस्टमर."

"जो कोण असेल, देवमाणूस हाय. गाडी पॉलिश करतो. घट्ट पॉलिश हाय वर, बरेच वर्षांचा हात हाय. पॉलिश म्हणजे मेणच." ते उभे राहिले. "सुटंल. पण घाई केलीत तर रंग घेऊन सुटंल. बर्फ आणा."

बर्फ कुठून आणणार? आईची ओळखीची मासेवाली होती. आई गेली आणि मासळी बाजारातून लादी घेऊन आली, गोणपाटात, पाणी ठिबकत. काकांचा हिशोब असा होता की साचा फायबरचा, बॉनेट पत्र्याचं. दोन्ही उन्हात चांगले तापवायचे, आणि मग पत्र्यावर एकदम बर्फ टाकायचा. पत्रा आकसला की साच्यापासून हटेल. ते सांगत असताना मी मनात म्हटलं, हे तर मी पाठ केलं होतं. पण मला सुचलं नव्हतं, हे इथं कबूल करते.

अकरा वाजल्यापासून उन्हात ठेवलं. एकला हात लावला तर चटका. आम्ही चौघांनी चार कोपरे धरून ते उलटं केलं, बॉनेटची आतली बाजू परातीसारखी वर आली, आणि आईनं त्यात फोडलेला बर्फ ओतला. काकांनी कडेला चिंचेच्या लाकडाच्या पाचरी लावल्या. ठोकल्या नाहीत, नुसत्या दाबून धरल्या. काही झालं नाही. परत उन्हात. परत बर्फ. सगळ्या चाळीमागं बोंबलाचा वास सुटला. मावशी आल्या, नाकाला पदर लावून. "त्या राळेपेक्षा हा बरा," म्हणाल्या, आणि आपल्या घरचा बर्फाचा ट्रेसुद्धा आणून ओतला.

तिसऱ्या वेळी 'टक्' असा आवाज आला. अगदी बारीक, सुपारी फुटावी तसा. काकांनी हात वर केला. कोणी हलू नका. मग दुसरा टक्, तिसरा. पाचर आपोआप आत सरकली. दहा मिनिटांत बॉनेट साच्यातून उचललं गेलं. फक्त एका ठिकाणी, वायपरजवळच्या कोपऱ्यात, जिथं त्या मालकाचं फडकं कधी पोचलं नसेल, तिथला तळव्याएवढा रंग साच्याला चिकटून आला.

"आबा," मी हळूच म्हटलं, "शेठच्या पेंटरला गाठू आणि परस्पर करून घेऊ. कशाला सांगायचं?" कॉलेजात शिकलेली अक्कल ही अशी.

आबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. चादर गुंडाळली, टेम्पो बोलावला, बॉनेट घेऊन स्वतः उल्हासनगरला गेले. मी मागं बसले. गॅरेजमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर चादर उघडली. "शेठ, मेरे हाथ से गलती हुआ. मैं मोम भूल गया. इतना रंग निकला."

शेठनं पाहिलं. चेन हातात धरली, सोडली. "खरोच नहीं मंगता बोला था. तुमने तो पूरा चमडी निकाल दिया." मग तो वाकला आणि त्यानं वास घेतला. "और इसमें से मच्छी का बास क्यों आता है?"

आबांनी बर्फाचं सांगितलं. शेठ तोंडावर हात ठेवून हसायला लागला, पण डोळे हसत नव्हते. "रंग मेरा पेंटर करेगा. कस्टमर को मैं बोलेगा, वो मेरा सरदर्द. लेकिन साईं, अभी सच बोलता हूँ. मेरेको तुम्हारे ऊपर डाउट आ गया. इकतीस को देखूँगा. हाथ फेरके देखूँगा."

त्या साच्याला मग काकांनी मेण लावलं, आणि आईला शिकवलं. फडकं जुन्या सुती साडीचं, लहान गोल, अर्धा तास वाळू द्यायचं, दुसऱ्या फडक्यानं पुसायचं, असे आठ हात. आठ म्हणजे आठ. आईनं पहिल्याच दिवशी काकांपेक्षा चांगलं लावलं, हे काका स्वतःच म्हणाले. धागे कापून कापून तिच्या बोटांना बारीक गोष्ट कळायची. बंपरचा साचा तर मेण लावून पहिल्या फटक्यात, पापड सुटावा तसा सुटला, आणि खरा बंपर मुदतीच्या आत परत गेला. आबा टाळ्या वाजवायचे तेवढे राहिले.

फायबरचं बॉनेट साच्यातून निघालं आणि नवी अडचण आली. चौकोनी गाडी अंगानं बारीक, हे तोंड रुंद. चार बोटं जास्त. ठेवून बघितलं तर बारक्या पोराला बापाची टोपी घातल्यासारखं. आबांनी खडूनं मधोमध दोन रेषा ओढल्या आणि आरीचं पातं उचललं.

"अहो, कापताय?" आई म्हणाली. "आत्ता कुठं झालंय!"

"हे माझं काम आहे," आबा म्हणाले. "इथं मला कोणी काही लावून दिलेलं नाही लागत."

त्यांनी मधली पट्टी कापून काढली, दोन अर्धी एकमेकांना भिडवली, खालून चटईचे थर दिले, वरून कड घासून उतार केला आणि त्यात पुन्हा बारीक थर भरले. मग घासणं. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. आम्ही तिघंही घासायचो. आई डोळे मिटून तळवा फिरवायची आणि म्हणायची, "इथं खर लागते." आबा परत घासायचे. त्यांच्या हातांना पुन्हा कुसं लागली, खाज सुटली. आईनं कपड्यांची बादली वेगळी केली.

दिवे शेठनं जुन्या बाजारातून पाठवलेले, दोन्ही एका जातीचे नव्हते. आबांनी भोकं वेगवेगळी कापून ते एका रेषेत आणले. रंग दिला, काळा. खाली लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा बसवला, बॉनेटला बिजागऱ्या लावल्या. एकतीस तारखेला दुपारी काम संपलं. खाकी ड्रेस अजून कपाटावर होता. सकाळी ठेकेदाराचा निरोप येऊन गेला होता की उद्या आठला या.

शेठ चारला आला. गाडीकडं आला, एक फेरी मारली. त्याला माहीत होतं की तोंड रुंद होतं आणि मधून कापून जोडलंय. ते रुंद बॉनेट त्यानंच पाठवलं होतं. त्यानं हातातली अंगठी काढून खिशात टाकली, बाह्या वर केल्या, डोळे मिटले आणि तळवा बॉनेटवर ठेवला. डावीकडून उजवीकडं. मग उलट. मग नखानं.

"जोड किधर है?"

आबा म्हणाले, "ढूँढो."

"अरे, किधर है बोलो ना."

"बोलके क्या फायदा. मिलेगा तो है, नहीं मिलेगा तो नहीं है."

शेठ वाकून, तिरकं बघून, उन्हात बघून शोधत राहिला. आई दारात उभी होती, पदर बोटाला गुंडाळत. काका बाजूला विटांवर बसले होते, त्यांना मजा येत होती. शेवटी शेठनं चावी फिरवली, भर उन्हात दिवे लावले, उतरून पुढं आला आणि आबांच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की आबा खोकले.

"मोम मत भूलना, साईं," तो म्हणाला. "अगले हफ्ते दो गाडी भेजता हूँ."

"मोम अब ये लगाएँगे," आबांनी काकांकडं आणि मग आईकडं हात केला. "आठ हाथ."

महिनाभरात उल्हासनगरच्या बाजारात तसल्याच तोंडाच्या आणखी दोन गाड्या फिरायला लागल्या. शेठ रागानं फोन करून म्हणाला, किसीने कॉपी मारा. आबांनी त्याला शांतपणे सांगितलं की त्यातली एक त्यांनीच केली आहे, गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजचं होतं. शेठ दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी गाडी पाठवली.

आबा वॉचमन झाले नाहीत. खाकी ड्रेस त्यांनी एक जूनला सकाळी आठच्या आत ठेकेदाराला परत नेऊन दिला. त्या वर्षअखेरीला त्यांनी आणि काकांनी मिळून अंबरनाथला पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. आईनं जीन्सचं काम सोडलं आणि तिथं मेण लावायला जाऊ लागली. पुढची सात वर्षं त्या शेडमध्ये गाड्यांची तोंडं बनली. त्याच जूनमध्ये माझा निकाल लागला होता, मी सेकंड क्लासमध्ये पास झाले, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट.